बोटीच्या गाद्यांवरची बुरशी

बोटीतल्या रेक्झिनच्या किंवा कापडी सीटांवर, पाठीच्या उशांवर, शिलाईच्या कडेकडेनं आणि आतल्या फोममध्ये जी काळी, हिरवट नाहीतर करडी बुरशी धरते आणि तिच्याबरोबर तो कुबट वास येतो, त्याची ही नोंद. सातारा जिल्ह्यात हा विषय निघतो तो मुख्यतः शिवसागर जलाशयाच्या काठी, म्हणजे कोयनेच्या बॅकवॉटरला बामणोली आणि तापोळ्याच्या बोटवाल्यांत, आणि वर महाबळेश्वरला वेण्णा तलावावर (हा तलाव १८४२ चा, साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी बांधून घेतलेला). सांगलीत कृष्णेवर शर्यतीच्या होड्या पळतात त्यांना गादीच नसते, त्यामुळं त्यांना हा ताप नाही, पण पुरासाठी ठेवलेल्या बोटी आणि लाइफ जॅकेटं तिकडंही कुजतातच.

बुरशी पुसणं सोपं आहे, एका दुपारचं काम. गादी आतून वाळवणं अवघड आहे आणि तेच कुणी करत नाही, म्हणून दर दिवाळीला पुसलेली बुरशी नाताळच्या गर्दीपर्यंत परत हजर होते.

का येते

बुरशीचे बीजाणू हवेत कायम असतातच, ते कुठून आणावे लागत नाहीत. त्यांना ओल मिळाली, थोडी ऊब मिळाली आणि खायला काहीतरी मिळालं की झालं, ओली राहिलेली गादी २४ ते ४८ तासांत बुरशी धरायला लागते. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवली तर वाढ जवळपास थांबते, ७० च्या वर गेली की जोरात. आता महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, कोयनेच्या खोऱ्यातही तीच तऱ्हा, म्हणजे चार महिने हवाच ९० टक्क्यांच्या पुढं भिजलेली, तिथं बंद खोलीत ठेवलेल्या गादीनं काय करायचं? क्लॅडोस्पोरियम, अ‍ॅस्परजिलस, पेनिसिलियम ही त्यातली नेहमीची मंडळी, पण बोटवाल्याला नाव कळून फारसा फरक पडत नाही, इलाज तोच.

खायला काय मिळतं म्हणाल तर पुष्कळ. रेक्झिन म्हणजे पीव्हीसी, ते स्वतः बुरशी सहसा खात नाही, पण ते मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट प्लॅस्टिसायझर घातलेलं असतं ते तिला चालतं, आणि वरनं माणसांचा घाम, सनस्क्रीन, डोक्याचं तेल, धूळ. वेण्णा तलावावर तर लोक हातात मक्याचं कणीस नाहीतर स्ट्रॉबेरी क्रीम घेऊनच बोटीत बसतात, त्याचे कण शिलाईच्या खाचेत जातात आणि तिथंच पहिला काळा ठिपका दिसतो.

पाणी आत जातं कुठून, हे मात्र नीट समजून घ्यायला पाहिजे. रेक्झिनमधून पाणी जात नाही, पण शिलाईच्या प्रत्येक टाक्याला एक भोक असतं आणि गादीवर माणूस बसला-उठला की फोम दाबला जातो, सुटतो आणि त्या भोकांतून पाणी आत ओढून घेतो. आत गेलेलं पाणी परत बाहेर यायला वाट नसते, कारण खालनंही रेक्झिन गुंडाळून प्लायवर पिना मारलेल्या असतात. म्हणजे वरनं कोरडी ठणठणीत दिसणारी गादी आतून ओली असते, आणि वरनं कितीही पुसा, बुरशी आतून येत राहते.

द्राक्षाचं औषध इथं चालत नाही

तासगाव-मिरज भागात द्राक्षावर भुरी, केवडा असे बुरशीचे रोग येतात म्हणून घरात गंधक असतं, मोरचूद असतं, आणि कुणीतरी हमखास सुचवतं की तेच गादीवर मारा. हे करू नका. भुरीची बुरशी फक्त जिवंत झाडावर जगते, गादीवरची बुरशी मेलेल्या आणि घाण झालेल्या वस्तूंवर जगणारी आहे, जात वेगळी. शिवाय मोरचुदाचा निळा-हिरवा डाग बसतो तो जात नाही, गंधकाची भुकटी डोळ्यात आणि कातडीला झोंबते आणि त्या गादीवर उद्या पर्यटकांची लहान पोरं बसणार असतात.

पावसाळ्याआधी काय करायचं

पावसाळ्यात बोटिंग बंद असतं, वासोटा किल्ल्याकडची वाटही वनखातं बंद ठेवतं, म्हणजे गाद्या चार महिने निजणार. म्हणून खरं काम मे महिन्याच्या शेवटी, वळवाच्या दोन सरींच्या मधे जी कडक उन्हं पडतात तेव्हाचं. गाद्या बोटीतून काढायच्या (बरेच जण काढतच नाहीत, बोटीवर ताडपत्री ओढतात आणि घरी जातात), साबणाच्या कोमट पाण्यानं धुवायच्या, शिलाईच्या खाचा जुन्या टूथब्रशनं घासायच्या, चेन असेल तर उघडून फोम बाहेर काढायचा आणि खोळ वेगळी, फोम वेगळा असं वाळवायचं. चार इंची फोम उन्हात एका दिवसात वाळतो हा गैरसमज आहे, वरचा थर वाळतो, पोट ओलंच राहतं. तपासायला सोपी युक्ती म्हणजे फोम कोरड्या वर्तमानपत्रावर ठेवून वर गुडघा दाबून बसायचं, कागद ओला झाला तर अजून वाळायचाय. फोम उभा ठेवला तर पाणी खाली निथळतं, आडवा ठेवला तर मधेच बसून राहतं. रेक्झिनची खोळ मात्र दिवसचे दिवस उन्हात टाकू नये, ऊन बुरशी मारतं तसं रेक्झिनही कडक करून तडकवतं, तिला दोन-तीन तास ऊन आणि पुढं सावलीतला वारा बास.

ठेवायच्या जागेबद्दल जावळी खोऱ्यातल्या घरांत चुलीवरचा माळा सगळ्यात कोरडा, बी-बियाणं तिथंच राहतं, म्हणून गाद्याही तिथं टाकायचा मोह होतो. पण पॉलीयुरेथेनचा फोम भसकन पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो, तेव्हा चुलीपासून गाद्या लांबच. फळीवर किंवा बाजेवर, जमिनीपासून वीतभर वर, भिंतीला न टेकवता, उभ्या आणि एकमेकींत अंतर ठेवून लावाव्यात. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवणं सगळ्यात वाईट, कारण आत राहिलेली थोडीशी ओल तिथंच कोंडून घाम धरते. झाकायचंच तर जुनं सुती धोतर किंवा चादर टाकावी. बंद कपाट असेल तर कॅल्शियम क्लोराइडचे डबे मिळतात, ते हवेतलं पाणी ओढून घेतात, तळाला साचलेलं पाणी आठवड्याला ओतून टाकायचं, ते गादीवर सांडू द्यायचं नाही. काही जण कळीचा चुना ठेवतात, ओल तोही धरतो, पण त्यावर गळकं पाणी पडलं तर तो उकळल्यासारखा तापतो, म्हणून फोमजवळ नको.

बोट पाण्यात किंवा काठावरच राहणार असेल तर ताडपत्री सपाट न ओढता मधे बांबू देऊन उतार काढायचा आणि दोन्ही टोकांना वारा जाईल एवढी फट ठेवायची. निळी ताडपत्री गच्च आवळली की सकाळी तिच्या पोटाला दव धरतं आणि तेच गादीवर ठिबकतं, पाऊस नसतानासुद्धा.

काढायची कशी

आधी ती बुरशीच आहे का मळ आहे हे बघावं. काळ्या डागावर घरगुती ब्लीचचा पाण्यात पातळ केलेला एक थेंब सोडायचा, एक-दोन मिनिटांत डाग फिका पडला तर बुरशी, नाही पडला तर बहुतेक मळ किंवा इंजिनाची काजळी.

काम उघड्यावर करायचं, तोंडाला एन-९५ मास्क, हातात रबरी मोजे. कोरडा ब्रश मारला की बीजाणू उडतात आणि नाकात जातात, दम्याच्या माणसानं तर या कामाला हातच घालू नये, म्हणून आधी साबणपाण्याच्या ओल्या फडक्यानं टिपून घ्यायचं. निम्म्या रेक्झिनच्या गाद्या एवढ्यावरच साफ होतात. राहिलेल्या डागांवर किराणा दुकानातला पांढरा व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून फवारायचं, पंधरा-वीस मिनिटं राहू द्यायचं, मऊ ब्रशनं घासायचं, पुसायचं. तरी राहिलं तर मेडिकलमधलं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, पण रंगीत रेक्झिनवर आधी कोपऱ्यात लावून बघा, रंग उतरू शकतो. सगळ्यात शेवटी टाकणखार, लिटरभर कोमट पाण्यात चार-पाच चमचे विरघळवून त्यानं पुसलं की बुरशी परत धरायला वेळ लागतो, फक्त वर पांढरे कण राहिले तर पुसून घ्यायचे, पोरांच्या तोंडात जायला नकोत.

ब्लीचचं काय? काम करतं, झटपट करतं, म्हणून सगळ्यांचं आवडतं. पण वारंवार वापरलं की रेक्झिन कोरडं पडून कडक होतं आणि शिलाईचा दोरा कुजतो, नायलॉन आणि सुती दोरा तर फार लवकर. वर्षातून एखादवेळी, लिटरभर पाण्यात ५०-६० मिली, पाच-दहा मिनिटं आणि मग भरपूर स्वच्छ पाणी, एवढंच ठीक आहे. ग्रामपंचायतीत पाण्यात टाकायला टीसीएल (ब्लीचिंग) पावडर असते ती गादीवर अजिबात नको, तिची तीव्रता कळत नाही आणि चुन्याचा पांढरा थर शिलाईत बसतो तो वेगळाच. आणि ब्लीच कधीही व्हिनेगरमध्ये, टॉयलेट क्लीनरमध्ये किंवा अमोनियात मिसळायचं नाही, विषारी वायू निघतो. व्हिनेगर मारून झालं, आता वरनं ब्लीच मारू, हे सुद्धा मिसळणंच झालं.

धुण्याचं पाणी जलाशयात सोडू नये, तो परिसर अभयारण्याचा आहे आणि खालच्या गावांना तेच पाणी. काठापासून लांब, मातीत ओतावं.

वॉशिंग सेंटरवर नेऊन प्रेशरच्या पंपानं गाद्या मारून आणणारे बरेच आहेत. वरनं झक्क दिसतात, पण त्या फवाऱ्यानं पाणी शिलाईतून थेट फोममध्ये घुसतं, महिन्याभरानं दुप्पट काळ्या.

गुलाबी डाग

पांढऱ्या किंवा क्रीम रेक्झिनवर कधीकधी गुलाबी-जांभळट डाग येतो, आणि काही केल्या जात नाही. त्याचं कारण वर नसतं. फोममध्ये किंवा रेक्झिनच्या अस्तरावर स्ट्रेप्टोमायसीस गटातले जीवाणू वाढतात, त्यांचा रंग प्लॅस्टिसायझरमध्ये विरघळतो आणि आतून वर झिरपतो. वरनं घासून उपयोग नाही, उलट रेक्झिनचा वरचा थर जातो. खोळ बदलायची, आणि आतला फोम तपासल्याशिवाय नवी खोळ चढवायची नाही.

नवी गादी शिवून घेताना

सातारा, कराड, सांगली, मिरज कुठंही रिक्षाचे हूड आणि सीट शिवणारे कुशनवाले आहेत, ते बोटीच्या गाद्याही शिवतात, फक्त त्यांना सांगावं लागतं कारण रिक्षाची सीट सारखी पाण्यात नसते. दोरा पॉलिस्टरचा मागा. खालच्या बाजूला रेक्झिन न लावता जाळी लावायला सांगा, आणि प्लायला बोटभर जाडीची सात-आठ भोकं पाडा म्हणजे गेलेलं पाणी खाली निथळतं. प्लाय मरीन ग्रेडचा, आयएस ७१० छापलेला. साधा कमर्शियल प्लाय ओलीनं फुगतो आणि मग गादीच्या आधी फळीच कुजते. पिना स्टेनलेस स्टीलच्या, नाहीतर गंजाचे तपकिरी ओघळ येतात आणि लोक त्यालाही बुरशी समजून घासत बसतात. फोमबद्दल, पातळ गादी चालणार असेल तर पाणी न पिणारा बंद पेशींचा फोम घ्या, बसायला जरा टणक लागतो पण वासोट्याच्या फेरीला तासा-दीड तासात कुणाचं काही बिघडत नाही. जुना फोम पिळल्यावर काळं पाणी येत असेल किंवा धुवून वाळवूनही वास राहत असेल तर तो टाकून द्या, त्यावर परत नवं रेक्झिन चढवणं म्हणजे पैसे पाण्यात.

लाइफ जॅकेट

गाद्यांवर एवढं लक्ष जातं आणि जॅकेटं मात्र पोत्यात कोंबलेली असतात. सांगलीच्या नदीकाठच्या गावांत २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्यांना सांगायची गरज नाही की ती लागतात तेव्हा एकदम लागतात (२०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५). जॅकेटला ब्लीच अजिबात नाही, पट्ट्यांचा आणि शिलाईचा जोर जातो. सौम्य साबण, कोमट पाणी, सावलीत टांगून वाळवणं, आणि एकावर एक न रचता दोरीवर टांगून ठेवणं. पट्टा हातानं जोरात ओढून बघायचा, टाके उसवले, बकल नीट बसेना किंवा आतला फोम दाबल्यावर परत फुगेना तर ते जॅकेट कापून टाकायचं, नुसतं बाजूला ठेवलं तर गर्दीच्या दिवशी तेच कुणाच्या तरी अंगावर चढतं.