पार्श्वभूमी : तंबूच्या आधीची सायकल

'अ होलोग्राम फॉर द किंग' या चित्रपटात एक अमेरिकी माणूस होलोग्रामचं तंत्र सौदीच्या राजाला विकायला जातो आणि नव्या शहरातल्या एका तंबूत त्याची वाट पाहत बसतो. तो पाहून उठलेल्यांची चर्चा राजापाशी अडकते. तो येतो की नाही, येणार नसेल तर एवढ्या लांबून माणसं बोलावली कशाला, तंबूत साधं वायफाय का लागत नाही. मला विचाराल तर हा माणूस त्या तंबूपर्यंत पोचला कसा, हे पाहण्यासाठी सौदीऐवजी शिकागोला जावं लागतं, आणि तेही 1980 सालात. चित्रपटात नायकाच्या बापाला पोरावर राग येतो, काम परदेशी पाठवल्याचा, तो तिथला आहे. आपल्याकडच्या बऱ्याच प्रेक्षकांना तो राग घरगुती कुरबुरीसारखा वाटला. तसा तो नाही.

मूळ कादंबरी 2012 ची. तिचा नायक पूर्वी श्विन या खऱ्याखुऱ्या अमेरिकी सायकल कंपनीत होता. 1895 साली शिकागोत निघालेली ही कंपनी. अमेरिकेतल्या कित्येक पोरांची पहिली सायकल तिचीच असायची. आपल्याकडच्या काळ्या, दांडीवाल्या, दुधाचे कॅन अडकवलेल्या सायकलला गावात जो मान होता तो आठवला, म्हणजे अंदाज येईल.

1980 च्या हिवाळ्याच्या तोंडावर तिच्या शिकागोच्या कारखान्यात संप झाला. सुमारे 1,400 कामगार बाहेर पडले आणि संप पुढच्या वर्षात गेला. तेवढ्या काळात मालकांनी तैवानच्या एका पुरवठादाराकडून सायकली मागवण्याचं प्रमाण वाढवलं. संप मिटला, पण मिटेपर्यंत दुकानदाराला माल मिळत होता आणि गिऱ्हाईक तो घेत होतं, हे कंपनीच्या ध्यानात आलं होतं. मग शिकागोचा कारखाना गुंडाळला गेला. दूर मिसिसिपी राज्यात ग्रीनव्हिल गावी नवा काढला, तोही 1991 साली बंद पडला. तैवानकडे मात्र यंत्रं गेली, माणसं गेली, हातातली विद्या गेली. 1984 च्या सुमारास तिकडून वर्षाला 7 लाख सायकली येत होत्या. तेवढ्यात कंपनीला शेनझेन आणखी स्वस्त पडेल असं वाटलं आणि 1987 साली तिनं चिनी कारखान्यात भागी घेतली. तैवानवाला हात बांधून बसणार थोडाच! त्यानं स्वतःच्या नावाची सायकल जगभर विकायला काढली आणि आज तो या धंद्यातल्या सर्वात मोठ्यांपैकी एक आहे. शिकागोच्या कंपनीनं 1992 साली दिवाळं काढलं. नाव अजून आहे, ते एका हातातून दुसऱ्या हातात विकलं गेलं.

या निर्णयावर अमेरिकेत अजून भांडण चालतं. एक बाजू म्हणते, युनियननं मालकांना दुसरी वाटच ठेवली नाही, मजुरी परवडेना. दुसरी म्हणते, कारखाना जुनाट झाला होता, नवी यंत्रं घ्यायला मालक तयार नव्हते, डोंगरात चालवायच्या सायकलींची लाट आली तरी त्यांनी ती फॅड म्हणून सोडून दिली, आणि खापर मात्र कामगारांवर फोडलं. मला दुसरी बाजू अधिक पटते. मजुरीमुळे कारखाना हलतो हे कबूल, पण आपली विद्या पुरवठादाराच्या हाती सोपवून वर पुन्हा त्यालाच डावलायचं, हे कोणत्या मजुरीनं करायला लावलं? नायक या निर्णयाच्या टेबलावर बसलेला होता. म्हणून तो नुसता नशिबाचा मारलेला माणूस राहत नाही.

इथं अमळनेरला बसून हे लिहिताना थोडं अवघडायला होतं, तेही सांगून टाकतो. याच गावात 1945 साली वनस्पती तूप करणारी एक कंपनी निघाली. पुढे ती संगणकाकडे वळली आणि अमेरिकेतल्या कंपन्यांची कामं घेऊ लागली. ज्यांनी तिचे शेअर पेटीत जपून ठेवले, त्यांची घरं बदलली. ज्यांनी लग्नकार्याला मोडले, ते अजून हळहळतात. म्हणजे शिकागोतून जो वारा बाहेर सुटला, त्याच जातीच्या वाऱ्यावर आमच्या गावातली काही शिडं फुगली. बापाचा राग इथल्या प्रेक्षकाला पटकन भिडत नाही, त्याचं एक कारण हेही असावं.

आता शब्दाबद्दल. चित्रपटाची ओळख करून देताना सगळीकडे 'अडचणीत आलेला बिझनेसमन' असं लिहिलं जातं. चित्रपट संपल्यावर आमच्यातले एक नाना फटकन म्हणाले, "आरे, तो बेपारी कसाना, दलाल शे तो." सगळे हसले, पण नानांचं म्हणणं गंभीरपणे घ्यायला हवं. खान्देशात या शब्दांची सरमिसळ चालत नाही, कारण त्यात पैसा गुंतलेला असतो. रावेर-सावद्याचा जो माणूस केळीचा कंटेनर आखातात पाठवतो, तो व्यापारी. बागेतला माल त्यानं शेतकऱ्याकडून भाव ठरवून घेतलेला असतो. घड उतरवायचे, फण्या करायच्या, धुवायच्या, खोक्यांत भरायच्या आणि सुमारे 20 टन कच्ची केळी 13-14 अंशांवर बंदरातून रवाना करायची. वाटेत थंडावा बिघडला आणि केळी जहाजावरच पिवळी पडली, तर बुडतो तो. अडत्याचं, म्हणजे दलालाचं, तसं नाही. माल कुणाचाही असो, सौदा झाला की त्याची अडत सुटते. नुकसानीच्या वहीत त्याचं नाव नसतं.

चित्रपटातला माणूस या दोन्हींत बसत नाही. विकायचं तंत्र दुसऱ्या कंपनीचं, ते दाखवणारी तरुण मंडळीही कंपनीची. त्याच्याकडं भांडवल म्हणून काय, तर जुन्या ओळखीचा एक धागा, ज्याच्या जोरावर त्याला पाठवलं गेलं. बरं, निव्वळ दलाल म्हणावं तर अडत्याला निदान रोज बाजार तरी भरलेला मिळतो. याचा बाजार राजा आला तरच भरणार. नाना म्हणतात त्यापेक्षाही याची पत खालची आहे, असं माझं मत. मराठीत 'उद्योजक' लिहिणाऱ्यांनी तर हद्दच केली, कारण उद्योग नावाची जी गोष्ट होती ती बाहेर पाठवण्यात यानंच हात लावला होता.

सौदीचा मागचा इतिहास इथं फार लागत नाही. 1938 साली दम्माममध्ये तेल लागलं, 1973 नंतर भाव चढले, आणि आपल्या भागातून कुणी सुतार, कुणी ड्रायव्हर म्हणून तिकडं जाऊ लागला. इकामा म्हणजे तिथं राहायचा परवाना, कफील म्हणजे ज्याच्या नावावर तो मिळतो तो मालक, हे इथल्या घरांना समजावून सांगायची गरज नाही. फरक एवढाच की आपला माणूस कफीलच्या सहीसाठी थांबायचा आणि हा राजासाठी. थांबणं तेच.

तंबू जिथं दाखवलाय ते शहर मात्र कल्पनेतलं नाही. जेद्दाच्या उत्तरेला सुमारे 100 किलोमीटरवर, तांबड्या समुद्राच्या काठी, राजाच्या नावानं ते वसवण्याची घोषणा डिसेंबर 2005 मध्ये झाली. 20 लाख वस्तीचा आराखडा होता. पुढच्या दहा वर्षांत बंदर सुरू झालं, रस्ते झाले, काही इमारती उठल्या, राहायला आलेली माणसं मात्र हजारांतच मोजायची. चित्रपटातल्या मोकळ्या रस्त्यांना कुणी अतिशयोक्ती म्हणू नये.

चित्रीकरण 2014 साली झालं, मुख्यतः मोरोक्कोत आणि काही भाग इजिप्तमध्ये. त्याच वर्षी तेलाचे भाव कोसळू लागले. ज्या राजाचं नाव शहराला आहे तो जानेवारी 2015 मध्ये वारला. अमेरिकेत चित्रपट लागला 22 एप्रिल 2016 रोजी, आणि बरोबर तीन दिवसांनी सौदीनं तेलावरचं अवलंबन कमी करण्याचा 2030 पर्यंतचा आराखडा जाहीर केला. नंतरच्या घडामोडी तर अशा वेगानं आल्या की चित्रपटातला देश जुना वाटायला लागला. 2017 मध्ये वायव्येला आणखी अफाट शहराची घोषणा झाली. 2018 च्या जूनमध्ये बायकांच्या हाती गाडीची चावी आली. चित्रपटातल्या ड्रायव्हरच्या गाडीतले प्रसंग आता पाहताना हे आठवतंच. त्याच वर्षी मक्का-मदिना वेगवान रेल्वे सुरू झाली आणि तंबूच्या त्या शहराला स्टेशन मिळालं.

वाद झाला तो आणखी एका गोष्टीवर. सौदी ड्रायव्हरची भूमिका अमेरिकी नटाला दिली आणि सौदी डॉक्टरीणबाईंची भूमिका भारतीय वंशाच्या अभिनेत्रीला. अरब नट मिळाले नाहीत का, हा प्रश्न तिकडं विचारला गेला आणि तो रास्त होता.

हा चित्रपट आला तेव्हा सौदी अरेबियात तो लावायला एकही सार्वजनिक थिएटर नव्हतं. पस्तीसेक वर्षांच्या बंदीनंतर रियाधमध्ये पहिलं थिएटर उघडलं ते एप्रिल 2018 मध्ये, आणि सुरुवात झाली एका अमेरिकी सुपरहिरोपटानं.