सोनोग्राफी खड्याची, घोर गाठीचा

मे महिन्यात नागपुरात कुणाची कंबर धरली की आधी मुतखडाच आठवतो. मामींचंही तेच झालं. वय ६१, पाळी जाऊन तेरा वर्षं. धंतोलीतल्या एका सेंटरवर, 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' या पाटीखाली बसून बाटलीभर पाणी प्यायल्या, पोटावर गार जेल लावून घेतलं आणि रिपोर्ट घेऊन घरी आल्या. उजव्या किडनीत ५ मिलिमीटरचा खडा. त्याखाली, कुणी न विचारलेल्या दोन ओळी: डाव्या ओव्हरीत, म्हणजे अंडाशयात, ३.२ सेंटिमीटरची सिंपल सिस्ट, एंडोमेट्रियम ७ मिलिमीटर.

संध्याकाळपर्यंत सिस्टची 'गाठ' झाली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "या वयात पिशवी ठेवून करायचं काय जी? काढून टाका ना बाप्पा, कटकट मिटते."

पिशवी म्हणजे गर्भाशय. सिस्ट होती ओव्हरीत. पिशवी काढून ती कशी जाणार, हे कुणी विचारलं नाही.

अर्धा घोळ आपल्या भाषेचा आहे. चरबीची गाठ, फायब्रॉइडची गाठ, कॅन्सरची गाठ आणि नुसत्या पाण्याने भरलेला पातळ फुगा, म्हणजे सिंपल सिस्ट, सगळ्यांना आपल्याकडे एकच शब्द. सोनोग्राफीला मात्र फरक दिसतो. ध्वनिलहरी नितळ पाण्यातून न अडता पार जातात, परत काहीच येत नाही, म्हणून सिंपल सिस्ट पडद्यावर काळी कुळकुळीत दिसते. कडा पातळ, आत पडदा नाही, घट्ट भाग नाही. डॉक्टरांच्या भुवया उंचावतात त्या आत जाड पडदे, घट्ट कोंब, त्या कोंबात रक्तप्रवाह किंवा पोटात पाणी दिसलं तर.

पाळी गेल्यावर ओव्हरीत सिस्ट येतेच कशी, हा प्रश्न रास्त आहे. पण ती येते, आणि भरपूर जणींना येते. कॅन्सर लवकर शोधण्यासाठी अमेरिकेत झालेल्या पीएलसीओ या मोठ्या अभ्यासात ५५ वर्षांपुढच्या बायकांच्या पहिल्याच सोनोग्राफीत सुमारे १४ टक्के जणींना सिंपल सिस्ट सापडली. वर्षभराने पाहिलं तर त्यातल्या जवळपास एक तृतीयांश सिस्ट आपोआप नाहीशा झालेल्या. अशा सिस्टमध्ये कॅन्सर निघण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी.

म्हणून ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजचा सल्ला असा: सिस्ट साधी, एकाच बाजूची, एकाच कप्प्याची, ५ सेंटिमीटरहून लहान, त्रास काही नाही आणि रक्तातलं सीए-१२५ (ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये वाढू शकणारं एक प्रथिन) नॉर्मल असेल, तर ४ ते ६ महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी. वर्षभर वाढली नाही तर पाठपुरावाही बंद. १ सेंटिमीटरपर्यंतची असेल तर एवढंही नको. सीए-१२५ ची नेहमीची मर्यादा ३५. पण फायब्रॉइड, लिव्हरचा आजार आणि आपल्याकडे विसरून चालणार नाही असा पोटाचा टीबी, यांतही हा आकडा चढतो. एकट्या आकड्यावरून ऑपरेशनची तारीख ठरवू नये.

आता ते ७ मिलिमीटर. एंडोमेट्रियम म्हणजे गर्भाशयाचं आतलं अस्तर. इथे सगळं एका प्रश्नावर फिरतं: पाळी गेल्यावर परत रक्त दिसलं का? गुलाबी डागसुद्धा धरायचा. 'उष्णता झाली असेल' म्हणत आपल्या बायका तो लपवतात, आणि माझ्या मते खरा धोका तिथे आहे. रक्तस्राव असेल तर ४ मिलिमीटरपेक्षा जाड अस्तराचा तुकडा तपासायला हवा. डाग पुन्हापुन्हा लागत असतील तर अस्तर पातळ असूनही. पण एक थेंबही गेला नसेल तर ४ चा तो नियम लागू होत नाही. तेव्हा अनेक डॉक्टर ११ मिलिमीटर हा आकडा धरतात. लठ्ठपणा, मधुमेह किंवा स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर निर्णय त्या बाईपुरता बदलू शकतो.

"पण काढून टाकलं तर बिघडतं काय?" हा मामांचा प्रश्न. त्याचंही उत्तर पीएलसीओमध्येच आहे. काही तक्रार नसताना दरवर्षी तपासलेल्या बायकांपैकी ३,२८५ जणींच्या बाबतीत खोटी घंटा वाजली. त्यातल्या १,०८० जणींचं ऑपरेशन झालं, कॅन्सर नव्हताच, आणि १६३ जणींना त्या ऑपरेशनने गंभीर गुंतागुंत झाली. एवढं करूनही ओव्हरीच्या कॅन्सरचे मृत्यू या तपासणीने कमी झाले नाहीत.

मात्र पोट सतत फुगणं, दोन घासांत पोट भरणं, वारंवार लघवीला लागणं असं आठवडेच्या आठवडे चाललं असेल, तर ती 'सहज सापडलेली' सिस्ट राहत नाही. तेव्हा थांबायचं नाही.

मामींना डाग नव्हता, मधुमेह नव्हता, सीए-१२५ होतं १४. डॉक्टरांनी ऑक्टोबरात परत बोलावलं. सिस्ट २.९ भरली. खडा मात्र या वेळी दिसलाच नाही. तो कधी पडून गेला, हे गाठीच्या धास्तीत मामींना कळलंही नव्हतं.