पुण्यात नवीन काही बनवताय? स्टार्टअप मान्यतेचा अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

स्टार्टअप म्हटलं की बाणेर-हिंजवडीतलं ऑफिस आणि मोबाईल अ‍ॅप एवढंच लोकांच्या डोक्यात येतं, पण सरकारच्या व्याख्येत भोसरीत नवीन सेन्सर बनवणारी पोरं पण बसतात आणि नारायणगावकडे टोमॅटो जास्त दिवस टिकवायची पद्धत शोधणारी ताई पण बसते, त्यामुळे आपलं काही आयटीचं नाही म्हणून सोडून देऊ नका.

आधी थोडं मागचं सांगते. केंद्राने १६ जानेवारी २०१६ ला स्टार्टअप इंडिया सुरू केलं, महाराष्ट्राने २०१८ मध्ये स्वतःचं धोरण आणलं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने नवीन धोरण मंजूर केलं, त्यात ५०० कोटींचा मुख्यमंत्री महाफंड आहे, पाच वर्षांत ५० हजार स्टार्टअप तयार करायचं टार्गेट आहे. आकडे मोठे आहेत, पण आपल्यासारख्या माणसाला त्यातलं बरंचसं मिळवायचं तर एक कागद हातात लागतो, तो म्हणजे डीपीआयआयटीचं मान्यता प्रमाणपत्र. केंद्राचा उद्योग आणि अंतर्गत व्यापार संवर्धन विभाग ते देतो. उद्यम नोंदणी वेगळी बरं का, ती लघुउद्योगाची, कोणी उद्यम काढून देऊन "झालं तुमचं स्टार्टअप रजिस्ट्रेशन" म्हणत असेल तर ते चूक आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे कोणी सांगत नाही: कंपनी काढायची घाई करू नका. कंपनी नोंदवली त्या तारखेपासून तुमची वर्षं मोजायला सुरुवात होते आणि बऱ्याच योजनांची वयोमर्यादा त्याच तारखेवरून धरतात. शिवाय प्रायव्हेट लिमिटेड काढली की एक रुपयाचा धंदा झाला नाही तरी दरवर्षी ऑडिट, दरवर्षी रिटर्न, सीएची फी चालूच. एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, त्या मानाने हलकी आहे, उलाढाल ४० लाखांच्या किंवा भांडवल २५ लाखांच्या आत असेल तर ऑडिट सक्तीचं नाही. त्यामुळे हातात फक्त कल्पना असेल तर आधी निधी प्रयास बघा, ही केंद्राच्या विज्ञान तंत्रज्ञान विभागाची योजना, प्रोटोटाइप म्हणजे वस्तूचा पहिला चालता नमुना बनवायला १० लाखांपर्यंत मदत मिळते आणि त्याला वैयक्तिक अर्जही चालतो. बायोटेक किंवा मेडिकल उपकरणाचं काम असेल तर बायरॅक या केंद्राच्या बायोटेक संस्थेची 'बिग' नावाची ग्रँट म्हणजे अनुदान आहे, ५० लाखांपर्यंत, तिथेही कंपनी नसलेला माणूस अर्ज करू शकतो. पुण्यात या दोन्हींसाठी पाषाणला एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारातलं व्हेंचर सेंटर आहे, २००७ पासून हेच काम करतंय, त्यांच्या वेबसाइटवर कुठल्या योजनेचे अर्ज घेणं चालू आहे ते दिसतं. वस्तू थोडी तरी चालायला लागली, कोणीतरी विकत घ्यायला तयार झालं, की मग कंपनी.

कंपनी काढायची तर एमसीएच्या, म्हणजे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर स्पाइस प्लस नावाचा फॉर्म असतो. संचालकांचं पॅन, आधार, डिजिटल सही आणि ऑफिसच्या पत्त्याचा पुरावा लागतो, म्हणजे दोन महिन्यांच्या आतलं लाइट बिल आणि जागा दुसऱ्याची असेल तर मालकाची एनओसी. घरचा पत्ता चालतो, त्यासाठी ऑफिस भाड्याने घ्यायची अजिबात गरज नाही, सोसायटीत विचारून घ्या एवढंच. अधिकृत भांडवल १५ लाखांपर्यंत असेल तर एमसीएची नोंदणी फी शून्य आहे, स्टॅम्प ड्युटी मात्र भरावी लागते. एक काळजी घ्या, मेमोरँडममध्ये कंपनीचा उद्देश लिहितात ना, तो सीए दुसऱ्या कुठल्या कंपनीचा कॉपी-पेस्ट करून टाकू शकतो, तो नीट वाचा. तिथे ट्रेडिंग लिहिलंय आणि मान्यतेच्या अर्जात तुम्ही संशोधन म्हणताय असं झालं तर प्रश्न येणारच.

पात्रता अशी आहे. संस्था प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी किंवा नोंदणीकृत भागीदारी असेल तर चालते, एकट्याची प्रोप्रायटरशिप चालत नाही, पण एकट्याची कंपनी म्हणजे ओपीसी चालते. फेब्रुवारी २०१९ च्या अधिसूचनेत नोंदणीपासून १० वर्षं आणि कुठल्याही वर्षी उलाढाल १०० कोटींपेक्षा जास्त नको असं होतं, मर्यादा वेळोवेळी बदलतात पण नवीन सुरू करणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही. खरी अट पुढची आहे: वस्तू, प्रक्रिया किंवा सेवेत काहीतरी नवीन किंवा सुधारणा हवी, नाहीतर भरपूर रोजगार किंवा संपत्ती निर्माण करू शकेल असं वाढणारं मॉडेल हवं. आणि असलेला धंदा फोडून किंवा त्याचीच नव्याने मांडणी करून काढलेली कंपनी चालत नाही. ही शेवटची अट आपल्या भोसरी, पिंपरी, चाकणच्या दुसऱ्या पिढीने नीट समजून घ्यायला हवी. वडिलांचं वर्कशॉप आहे, तीच मशीन, तेच गिऱ्हाईक, तेच जॉब, फक्त नाव बदलून कंपनी काढली, तर अर्ज अडकेल. पण त्याच वर्कशॉपमधला अनुभव घेऊन तुम्ही खरंच वेगळी वस्तू बनवत असाल तर कंपनी वेगळी, हिशोब वेगळा, बँक खातं वेगळं ठेवा आणि अर्जात ते स्पष्ट लिहा.

अर्ज पूर्ण ऑनलाइन आहे, स्टार्टअप इंडियाच्या पोर्टलवर लॉगिन करून सुरुवात करायची, आणि फी शून्य. परत सांगते, शून्य. कोणी सरकारी फी म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. कागद फार नाहीत: नोंदणी प्रमाणपत्र, कंपनीचं पॅन, संचालकांची किंवा भागीदारांची माहिती, जो अर्ज भरतोय त्याच्या नावाचं कंपनीच्या लेटरहेडवरचं अधिकारपत्र, आणि कामाचा काहीतरी पुरावा म्हणजे वेबसाइटची लिंक, व्हिडिओ किंवा पिच डेक (धंद्याची ओळख करून देणाऱ्या स्लाइड्स). पेटंट, ट्रेडमार्क, बक्षीस असेल तर तेही जोडा, नसेल तर अडत नाही.

अर्ज तरतो किंवा बुडतो तो तुमच्या कामाच्या वर्णनावर. हे दुसऱ्याकडून लिहून घेऊ नका हो, कळकळीने सांगते. "आम्ही एआयच्या मदतीने उत्पादन क्षेत्रात क्रांती घडवणार" हे वाचून समोरच्याला काहीच कळत नाही. त्यापेक्षा असं लिहा की सीएनसी मशीनचं टूल झिजलं की नाही हे ऑपरेटर अंदाजाने ठरवतो, त्यामुळे कधी चांगलं टूल फेकलं जातं तर कधी पीस रिजेक्ट होतात, आम्ही मशीनच्या आवाजावरून झीज ओळखणारं यंत्र बनवलंय, दोन मशीनवर ट्रायल चालू आहे, बाजारात आत्ता जे मिळतं त्यापेक्षा आमचं अमुक कारणाने वेगळं आहे. प्रश्न काय, तुम्ही काय केलं, नवीन काय, कमाई कुठून. आधी मराठीत लिहून काढा, घरच्यांना वाचून दाखवा, त्यांना कळलं की मग इंग्रजीत करा. आणि खोटं काही लिहू नका, खोट्या माहितीवर घेतलेली मान्यता रद्द होऊ शकते.

कधीकधी अर्ज त्रुटी काढून परत येतो, तेव्हा घाबरून नवीन अर्ज टाकू नका, जे विचारलंय तेवढ्याचंच मुद्देसूद उत्तर द्या.

प्रमाणपत्र आलं म्हणजे पैसे आले असं नाही, इथे बऱ्याच जणांचा गैरसमज होतो. इन्कम टॅक्सची सूट वेगळी, १९६१ च्या आयकर कायद्यात ती कलम ८०-आयएसी खाली होती, पहिल्या १० पैकी सलग ३ वर्षांच्या नफ्यावर, तिचा अर्ज स्वतंत्र, आंतरमंत्रालयीन मंडळाकडे, आणि ती फक्त प्रायव्हेट लिमिटेड आणि एलएलपीला, भागीदारीला नाही. सुरुवातीला तोटाच असतो त्यामुळे कुठली ३ वर्षं निवडायची ते सीएबरोबर बसून ठरवा. जेम या सरकारी खरेदीच्या ऑनलाइन पोर्टलवर बयाणा रक्कम आणि आधीच्या अनुभवाच्या अटीत सवलत मिळते, पण मालाच्या क्वालिटीत सूट नाही. राज्याकडून महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटी स्टार्टअप वीक नावाच्या कार्यक्रमात २४ स्टार्टअप निवडून सरकारी खात्यांत प्रत्यक्ष काम करायला १५ लाखांपर्यंतची वर्क ऑर्डर देत आलीय. मला हे ग्रँटपेक्षा जास्त मोलाचं वाटतं, कारण पहिलं गिऱ्हाईक सरकार असेल तर दुसरं मिळणं सोपं जातं.

पेटंटचं मात्र थांबवू नका. ऑनलाइन अर्जाची फी मोठ्या कंपनीला ८,००० रुपये आणि मान्यताप्राप्त स्टार्टअपला १,६००, त्यासाठी फॉर्म २८ बरोबर मान्यतेचं प्रमाणपत्र लावायचं. वस्तू पूर्ण झाली नसेल तर प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरता अर्ज टाका, पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. आणि हे एखाद्या प्रदर्शनात स्टॉल लावायच्या किंवा यूट्यूबवर व्हिडिओ टाकायच्या आधी करा, एकदा जाहीर झालेल्या गोष्टीला पेटंट मिळणं फार अवघड होतं.