बहुकामी हातहत्यारे

बहुकामी हातहत्यार म्हणजे एकाच मुठीत किंवा एकाच सांगाड्यात दोन किंवा अधिक हत्यारांची कामे सामावणारे, हाताने चालवायचे साधन. बाजारात ते मल्टिटूल, ऑल-इन-वन, ‘एकात दहा’ अशा नावांनी येते. अनेक पात्यांचा घडीचा चाकू, मध्ये पक्कड असलेले घडीचे हत्यार, खिशातल्या कार्डाएवढी खाचांची पट्टी, कुऱ्हाड-हातोडा आणि ‘कोणत्याही नटाला बसणारा’ पाना हे त्याचे परिचित प्रकार होत. एका टोकाने ठोकायचा व दुसऱ्याने खिळा उपटायचा नखीचा हातोडाही या व्याख्येत काटेकोरपणे बसतो. आल्ब्रेख्ट ड्यूररच्या १५१४ च्या ‘मेलेंकोलिया’ या कोरीव चित्रात तो दिसतो. त्याला मात्र कोणी बहुकामी म्हणत नाही, कारण ठोकणे आणि उपटणे ही एकाच कामाची दोन टोके आहेत. पुढील विवेचनात हा फरक महत्त्वाचा ठरतो.

उगम : सर्वांत जुने म्हणून वारंवार दाखवले जाणारे उदाहरण केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात आहे. चांदीच्या घडीच्या सांगाड्यात चमचा, काटा, टोचा, चपटी पट्टी, बारीक कोरणी आणि लोखंडी पाते अशी त्याची रचना असून पाते गंजून गेले आहे. संग्रहालय त्याचा काळ इ. स. २०१ ते ३०० असा देते, म्हणजे हमी शतकाची आहे, दशकाची नव्हे. टोच्याने गोगलगायीचे मांस काढत असावेत व पट्टीने अरुंद तोंडाच्या बाटलीतील सॉस काढत असावेत, हा तर्क आहे. या वस्तूला ‘रोमन सैनिकाचा चाकू’ म्हणण्याची हौस अलीकडे दिसते. वस्तू पाहता ते जेवणाचे साधन आहे आणि चांदीवरून पाहता ते सधन प्रवाशाचे असावे, हेच मत अधिक संभवनीय वाटते.

आधुनिक घडीच्या चाकूचे श्रेय सरसकट स्वित्झर्लंडला दिले जाते, ते अर्धेच खरे आहे. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स अँड सन्स या कारखान्याने १८२२ च्या सुमारास १,८२२ पात्यांचा चाकू प्रदर्शनासाठी केला होता. तो वापरायचा नव्हताच, कारागिरी मिरवायचा होता. हर्मन मेलव्हिल यांच्या मोबी-डिक (१८५१) या कादंबरीत जहाजावरच्या सुताराला शेफील्डच्या एका फुगीर खिशातल्या चाकूची उपमा दिली आहे. त्यात पाती, पेचकस, बूचकाढणी, चिमटा, टोचा, पट्टी आणि नखांची कानसही आहे. उपमा वाचकाला कळावी इतकी ही वस्तू तेव्हाच ओळखीची झाली होती, हे त्यावरून उघड होते.

स्विस सैन्याच्या चाकूचा नमुना १८९० चा. त्यात पाते, टोचा, डबा उघडणी आणि पेचकस अशी चारच अवजारे होती. १८८९ च्या श्मिट-रुबिन रायफलीचे भाग सोडवायला पेचकस लागे आणि डबाबंद शिधा उघडायला उघडणी. पहिला पुरवठा जर्मनीतील झोलिंगेनच्या वेस्टर कंपनीने केला. १८८४ मध्ये ईबाख येथे कारखाना काढलेल्या कार्ल एल्झनर यांनी १८९१ पासून सैन्याला चाकूंचा पुरवठा सुरू केला. १२ जून १८९७ रोजी एल्झनर यांनी ‘ऑफिसर व खेळाडूंचा चाकू’ नोंदवला. दोन्ही बाजूंची अवजारे त्याच स्प्रिंगांवर टेकवण्याची युक्ती हा त्याचा खरा शोध होय. तिच्यामुळे फारशी जाडी न वाढता छोटे पाते व बूचकाढणी यांची भर घालता आली. नावात ऑफिसर असले तरी सैन्याने तो कधी अधिकृतपणे वाटला नाही. ज्याला हवा त्याने पदरचे पैसे घालून घ्यावा, अशी स्थिती होती.

पकडीवर आधारलेली शाखा वेगळी व पुष्कळ उशिराची आहे. अमेरिकेतील पोर्टलंडचे टिम लेदरमन १९७५ मध्ये जुन्या फियाट गाडीतून युरोपात फिरत असताना खिशातल्या चाकूने गाडी आणि हॉटेलातले नळ दुरुस्त करता करता बेजार झाले. तेव्हा त्यांना खिशात पक्कड हवीशी वाटली. पेटंट १९८० मध्ये मिळाले, विक्री १९८३ मध्ये सुरू झाली. मधल्या वर्षांतला त्यांनी सांगितलेला अनुभव या नोंदीच्या विषयाला नेमका धरून आहे : चाकूवाले म्हणत हा चाकू नव्हे, हत्यार आहे, हत्यारवाले म्हणत हे हत्यार नव्हे, खेळणे आहे.

सरकत्या जबड्याच्या पान्याचा उगम असाच गुंतलेला आहे. इंग्लंडमध्ये गवत कापायच्या यंत्राचा जनक एडविन बडिंग, अमेरिकेत लोरिंग कोझ (पेटंट १८४१) आणि स्वीडनमध्ये योहान पेटर योहान्सन (१८९२) हे तिघेही दावेदार आहेत. प्रत्येकाची रचना वेगळी असल्यामुळे ‘पहिला कोण’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. अशा पान्याला असलेले मंकी पाना हे नाव चार्ल्स माँकी नावाच्या कारागिरावरून पडले ही कथा टिकत नाही, कारण त्याच्या शोधाचा जो काळ सांगतात त्याआधीच शब्द छापला गेला आहे. मुष्टियोद्धा जॅक जॉन्सन याला १९२२ मध्ये पान्याचे पेटंट मिळाले हे खरे. त्यावरून नाव पडले हे खोटे.

रचना व मर्यादा : पोलादाला पाणी देताना कठीणपणा आणि चिवटपणा यांत तडजोड करावी लागते. धार टिकवायची तर पोलाद कडक हवे, पीळ सोसायचा तर चिवट हवे. एल्झनर यांची व्हिक्टोरिनॉक्स कंपनी आपल्या चाकूत पात्याचा कठीणपणा रॉकवेल सी मापावर ५६, कात्री-करवत-कानसीचा ५३, पेचकस व टोच्याचा ५२ आणि बूचकाढणी व स्प्रिंगांचा ४९ असा ठेवते. म्हणजे एकाच मुठीत चार वेगळी पाणी दिलेली आहेत. स्वस्त नकलांमध्ये सगळे भाग एकाच पत्र्यातून कापून एकदमच तापवले जातात. मग पाते लवकर बोथट होते आणि पेचकसाचे टोक पिळवटते.

दुसरी मर्यादा तरफेची. ८५.६ मिमी लांबीच्या, सुमारे २ मिमी जाडीच्या कार्डवजा पट्टीवर षट्कोनी भोके पाडून तिला पाना म्हणून विकतात. एम-१० (१० मिमी व्यासाच्या बोल्टच्या) नटाची उंची सुमारे ८ मिमी असते, म्हणजे पट्टी त्याचा चौथा हिस्साच धरते. असा नट नेहमीच्या मजबुतीच्या बोल्टवर सुमारे ५० न्यूटन-मीटर पिळाने आवळतात. साध्या पान्यावर १८ सेंमी अंतरावर हात ठेवला तर त्यासाठी २८ किलो वजनाइतका जोर पुरतो. पट्टीवर हाताला फार तर ६ सेंमी मिळतात, तेव्हा तोच जोर ८५ किलोवर जातो, तोही तळहातात रुतणाऱ्या २ मिमीच्या कडेवर. पट्टी वाकण्याआधी नटाचे कोपरे गोल होतात, आणि कोपरे गेलेला नट नंतर चांगल्या पान्यालाही दाद देत नाही. जाहिरातीत ही पट्टी बहुधा हाताने आधीच सैल केलेल्या नटावर दिसते.

तिसरी मर्यादा अशी, की एका मुठीतली दोन हत्यारे एका वेळी वापरता येत नाहीत. नट फिरवताना बोल्टचे डोके दुसऱ्या बाजूने धरावे लागते. पक्कड आणि पेचकस एकाच सांगाड्यात असले की त्यांतले एकच हाती येते. पकडीच्या मुठीतच हातोड्याचे डोके बसवलेल्या हत्यारात आणखी एक दोष असतो : ठोकताना जबडा मनगटाकडे वळलेला राहतो.

कामांची मोजणी हा तर सैल हिशेब आहे. वेंगर कंपनीने २००६ मध्ये काढलेल्या एक किलोहून अधिक वजनाच्या राक्षसी चाकूत अवजारे ८७ आणि कामे १४१ सांगितली जात. हाच हिशेब लावला तर साधा पेचकसही खिळे उचकटणारा, डबा उघडणारा आणि रंग ढवळणारा म्हणून चौकामी ठरतो. स्टॅन्ले कंपनीने १८९७ मध्ये आणलेल्या ५५ क्रमांकाच्या, पन्नासांहून अधिक पात्यांच्या रंध्याला जाहिरातीत ‘स्वतःच एक रंधाई गिरणी’ म्हटले होते. तो कित्येक दशके विकला गेला. त्याचे पाते जुळवायला लागणारा वेळ हा मात्र सुतारांमधला कायमचा विषय राहिला.

परखड परीक्षणे व त्यांवरील प्रतिक्रिया : वस्तू स्वतः विकत घेऊन, जाहिराती न स्वीकारता परीक्षण करण्याची पद्धत अमेरिकेतील कन्झ्यूमर्स युनियन या ग्राहकसंस्थेने १९३६ पासून रूढ केली. हत्यारांच्या परीक्षणात एक खास पेच येतो. परीक्षक बहुकामी हत्याराची तुलना बाकावर मांडलेल्या स्वतंत्र हत्यारांशी करतो. हत्याराचा मालक ती रिकाम्या खिशाशी करतो. दोघेही आपापल्या मापाने बरोबर असतात आणि म्हणूनच वाद मिटत नाही. परीक्षकाने हत्यार मोडून दाखवले की मालकाचा पहिला आक्षेप ‘वापर चुकीचा’ हा असतो. वेष्टनावरचे चित्र बघावे तर अनेकदा नेमका तोच वापर दाखवलेला असतो.

मालक असा चिडतो त्यामागची मानसिक यंत्रणा बरीचशी तपासली गेली आहे. जॅक ब्रेम यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात घरगुती उपकरणांपैकी एक निवडायला दिल्यावर निवडलेली वस्तू सहभागींना आधीपेक्षा चांगली व नाकारलेली वाईट वाटू लागली. लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ मध्ये सविस्तर मांडलेल्या ‘बोधात्मक विसंगती’च्या कल्पनेशी हे जुळते : पैसे मोजले आहेत आणि वस्तू टाकाऊ आहे, या दोन गोष्टी मनात एकत्र सुखाने नांदत नाहीत. डेबोरा थॉम्पसन, रेबेका हॅमिल्टन व रोलंड रस्ट यांच्या २००५ च्या अभ्यासात लोक खरेदीपूर्वी जास्त कामांची वस्तू पसंत करत, वापरल्यावर मात्र त्याच जास्तीच्या कामांना कंटाळत. तो अभ्यास इलेक्ट्रॉनिक वस्तूंवरचा होता, हातहत्यारांना तो जपूनच लावावा. यिंग झांग, आयेलेट फिशबाख व आरी क्रुग्लान्स्की यांचा २००७ चा प्रयोग विषयाच्या अधिक जवळचा आहे. लेझर दिवा असलेल्या पेनचा दिवाही ज्यांनी वापरून पाहिला, ते नंतर लिहायला ते पेन कमी वेळा उचलत. एका साधनाला दुसरे काम जोडले की पहिल्या कामाबद्दलचा विश्वास पातळ होतो, असा याचा अर्थ लावला जातो.

परीक्षकाच्या बाजूलाही कल असतो. टेरेसा अमाबिले यांना १९८३ मध्ये असे आढळले, की नकारात्मक परीक्षण लिहिणारा वाचकांना अधिक हुशार, पण कमी आवडण्याजोगा वाटतो. टीकेची धार वाढवण्याचा मोह यातून समजतो. गंमतवजा हत्यारे झोडपणे हा तर सोपा खेळ.

उत्पादकांच्या प्रतिक्रिया कधी न्यायालयातही गेल्या. बोस कंपनीने आपल्या ध्वनिक्षेपकाच्या १९७० च्या परीक्षणावरून कन्झ्यूमर्स युनियनवर दावा लावला. वाद्यांचा आवाज ‘खोलीभर’ फिरतो असे लिहिले होते, प्रत्यक्षात तो समोरच्या भिंतीलगत फिरत होता, एवढ्यावर तंटा होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये निकाल परीक्षकांच्या बाजूने दिला. शब्द चुकला असला तरी जाणूनबुजून खोटे लिहिल्याचा पुरावा नाही, असे न्यायालयाने म्हटले. प्रतिकूल मत लिहू नये अशी अट ग्राहकाच्या करारात घालण्यास तेथे २०१६ च्या कायद्याने मनाई आहे.

बाळगण्याचे नियम : सप्टेंबर २००१ नंतर विमानाच्या केबिनमधून पाती नेण्यावर बंदी आली आणि बिनपात्याची बहुकामी हत्यारे निघाली. ब्रिटनमध्ये तीन इंचांपर्यंत धारेचा, उघडल्यावर अडकून न राहणारा घडीचा चाकू सार्वजनिक जागी बाळगता येतो. पाते खटक्याने अडकत असेल तर लांबी कमी असूनही सवलत मिळत नाही, त्यामुळे सुरक्षिततेसाठी खटका बसवलेली बरीच बहुकामी हत्यारे तेथे सबळ कारणावाचून खिशात ठेवता येत नाहीत.