मोटारसायकलच्या मागच्या चाकाला डिस्क ब्रेक बसवताय? कॅलिपर घेण्याआधी हे वाचा

"भाऊ, एखादा स्वस्तातला कॅलिपर भेटंल काय?" कापसाचे पैसे हातात आले की वणी-मारेगाव रस्त्यावरच्या आमच्या दुकानात हा प्रश्न रोज येतो. कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅड दाबून धरणारा भाग) भेटतो. पण एकटा घेतलेला कॅलिपर शेवटी महागच पडतो, म्हणून हा कागद छापला आहे.

आधी गाडीला याची गरज आहे का ते पाहू. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे जातं, म्हणून गाडी थांबवण्याचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो. मागे डिस्क लावल्याने गाडी निम्म्या अंतरात थांबेल, असं कोणी सांगत असेल तर तो माल विकतोय. फायदा दुसरीकडे आहे. नाल्यातून गाडी काढली की साध्या ब्रेकच्या ड्रममध्ये पाणी जातं आणि लायनर (ड्रमला आतून घासणारी पट्टी) वाळेपर्यंत ब्रेक धरत नाही. डिस्कवरचं पाणी पॅड पहिल्या एक-दोन दाबांतच पुसून टाकतो. चिखलदऱ्याचा घाट उतरताना ड्रम आतल्या आत तापतो, डिस्क उघड्यावर असल्याने लवकर निवते. मागे दुधाच्या कॅन किंवा खताचं पोतं बांधून फिरणाऱ्यांच्या मागच्या चाकावर वजन जास्त, त्यांना फरक जाणवतो. बाकी गावातल्या गावात, शेतापर्यंत फिरणारी गाडी असेल तर नवे लायनर टाका, ड्रम साफ करून घ्या. आमचा धंदा कमी झाला तरी चालेल.

आता कॅलिपरकडे. मागची डिस्क म्हणजे कॅलिपर, त्याला धरणारी प्लेट, डिस्क, डिस्कचे बोल्ट बसतील असा हब किंवा चाक, पायाचा मास्टर सिलेंडर (पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा), ऑइलची डबी, होज पाइप, पेडल आणि ब्रेक लाइटचा स्विच. यातली एक वस्तू एका गाडीची, दुसरी दुसऱ्या गाडीची घेतली की प्लेट लेथवर बनवा, बुश कापा, चिमट्याला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांना) वेल्डिंग मारा, असा खर्च सुरू होतो. चिमट्याला वेल्डिंग आम्ही करत नाही. त्याच्यावर माणूस बसतो.

म्हणून स्वस्त रस्ता एकच: तुमच्याच मॉडेलची कंपनीने मागे डिस्क देऊन काढलेली गाडी शोधा आणि तिचा मागचा सगळा सेट एकदम घ्या. तरीही नुसत्या नावावर जाऊ नका. पल्सर १५० चंच पाहा. २०१८ मध्ये तिचं दोन डिस्कचं मॉडेल आलं, मागची डिस्क २३० मिमीची. पण त्या गाडीचा मागचा टायर १२०/८०-१७, आणि एका डिस्कच्या गाडीचा १००/९०-१७. नाव एक असलं तरी मागचा भाग वेगळा, त्यामुळे नुसतं चाक आणून जुन्या चिमट्यात बसवायला गेलात की चेनची लाइन चुकते. उजव्या पायाच्या गिअरच्या जुन्या बुलेटचं आणखी निराळं: तिचा ब्रेक डाव्या पायाला, चेनही डावीकडे. डिस्क उजवीकडे जाणार आणि पेडल डावीकडे राहणार, म्हणजे होज लांबवर फिरवून न्यावा लागणार. होतं काम, पण वेळ आणि पैसा दोन्ही खातं.

मागे एका गिऱ्हाइकाने मोबाइलवरून कॅलिपर मागवला. होता चांगला, पण पुढच्या चाकाचा. मोठा पिस्टन (पॅडला ढकलणारा) म्हणजे जास्त ताकद, हा त्याचा हिशोब. हिशोब अर्धाच बरोबर होता. मास्टरचा पिस्टन १२.७ मिमीचा आणि कॅलिपरचा ३० मिमीचा असेल तर ताकद साधारण साडेपाच पट होते. कॅलिपरचा ३४ मिमीचा केला तर सात पट. पण ताकद जितकी वाढते तितकंच पेडल जास्त खाली जातं, कारण मोठा पिस्टन ढकलायला ऑइलही जास्त लागतं. मास्टर लहान असला तर पेडल तळाला टेकतं आणि ब्रेक अर्धवटच लागतो. आणि पूर्ण लागला तर मागचं चाक एकदम जाम होतं. मुरमाच्या रस्त्यावर पुढे काय होतं ते सांगायला नको. कॅलिपर आणि मास्टर जोडीनेच घ्या.

जुना माल घ्यायला हरकत नाही. आम्हीही भंगारातल्या आणि अपघातातल्या गाड्यांचे सेट आणतो. आमचा नियम: धातू जुना चालेल, रबर नवंच. पिस्टनभोवतीची चौकोनी सील ब्रेक दाबताना किंचित वाकते आणि सोडल्यावर पिस्टनला मागे ओढते. ती कडक झाली की पॅड डिस्कला चिकटून राहतो, चाक जड फिरतं, डिस्क तापते. त्यामुळे सील, डस्ट कव्हर, पॅड, होज आणि बंजो बोल्टचे (होज जोडणाऱ्या बोल्टचे) तांब्याचे वॉशर नवे घ्यायचे, तेही कंपनीचे. पिस्टन मात्र नीट पाहा: त्यावर गंजाचे खड्डे असतील तर नवी सीलही गळणार. गाइड पिन (जिच्यावर कॅलिपर सरकतो ती) हाताने सरकली पाहिजे. एक पॅड जाड आणि एक पातळ दिसला की समजा पिन जाम होती. ब्लीड निप्पलचे (ऑइलमधली हवा काढायच्या तोटीचे) कोपरे घासलेले असतील तर तो कॅलिपर परत ठेवा. निप्पल तुटली की कॅलिपर गेला. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, त्याच्याखाली गेलेली डिस्क फुकट दिली तरी घेऊ नका.

ब्लीड निप्पल वरच्या बाजूला आली पाहिजे, हे बरेच जण विसरतात. दुसऱ्या गाडीचा कॅलिपर उलटा बसला आणि निप्पल खाली गेली तर हवा वरच अडकते. कितीही पंप मारा, पेडल स्पंजासारखंच लागतं. तसंच बसवायची वेळ आली तर हवा काढताना कॅलिपर सोडून निप्पल वर धरायची आणि पॅडच्या मध्ये डिस्कच्या जाडीची लाकडी पट्टी घालायची.

नव्या मालात एन्ड्युरन्स आणि बायब्रे ही नावं ऐकाल. एन्ड्युरन्स छत्रपती संभाजीनगरची, बजाजला ब्रेक पुरवणारी. बायब्रे हे इटलीच्या ब्रेम्बोचंच लहान गाड्यांसाठीचं नाव. स्टिकर मात्र कोणत्याही कॅलिपरवर चिकटतो, म्हणून बिलाशिवाय घेऊ नका. जुना सेट घेतानाही विकणाऱ्याकडे गाडीचे कागद मागा, चोरीचा माल गळ्यात पडायला नको.

ब्रेक ऑइल डॉट ३ प्रकारचं की डॉट ४, ते डबीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. डॉट ४ कोरडं असताना २३० अंशांच्या पुढे उकळतं, पण हवेतली ओल पिऊन तीच मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. त्यामुळे फोडून ठेवलेली बाटली वापरू नका, आणि दोन वर्षांनी ऑइल बदलाच. सील धुवायला पेट्रोल किंवा इंजिन ऑइल अजिबात नको, रबर फुगतं.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या गाडीत परवानगीशिवाय असे बदल करता येत नाहीत, आणि अपघात झाल्यावर विमा कंपनी यावर बोट ठेवू शकते. आधी आरटीओ कार्यालयात विचारून या. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि १२५ पर्यंतच्यांना निदान सीबीएस सक्तीचं झालं. सीबीएसमध्ये मागचा ब्रेक दाबला की पुढचाही लागतो. डिस्कसाठी ती जोडणी तोडावी लागते. या दोन्ही प्रकारच्या गाड्यांना आम्ही हात लावत नाही, कितीही पैसे देतो म्हटलं तरी.

येताना गाडी आणि आरसी बुक घेऊन या, कॅलिपर आधीच घेऊन येऊ नका. मागचं चाक उघडून माप घेण्याचे १०० रुपये पडतील, सेट आमच्याकडून घेतला तर ते बिलातून वजा होतील. बाजाराच्या दिवशी गर्दी असते, त्या दिवशी सकाळी लवकर या.