चिल्लर शेअर कोकणात कसा पोचला

भाव दहा-वीस रुपयांच्या आत, उलाढाल तुटपुंजी आणि कंपनीचं नाव कुणी फारसं ऐकलेलं नाही, अशा शेअरला बाजारात पेनी स्टॉक किंवा चिल्लर शेअर म्हणतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात अशा शेअरांत पैसे अडकलेली माणसं आता सहज भेटतात, आणि दोष बहुतेक वेळा मोबाइलला दिला जातो. मोबाइलने वेग दिला हे खरं, पण हा व्यवहार त्याच्या बराच आधीचा आहे. तो इथवर कसा आला हे पाहिलं तर एक गोष्ट लख्ख दिसते. शेअर घ्यायची वाट दर दहा वर्षांनी सोपी होत गेली. विकून बाहेर पडायची वाट होती तशीच राहिली.

कोकण आणि दलाल स्ट्रीट यांना जोडणारा माणूस म्हणजे चाकरमानी. मुंबई शेअर बाजाराची संस्था १८७५ सालची, गिरण्यांच्या भरभराटीचा काळही साधारण तोच. पण गिरणीत, गोदीत राबणाऱ्याच्या मनिऑर्डरीतून शेअरपर्यंत काही उरत नव्हतं. पुढच्या पिढीला बँकेत, सरकारी कचेरीत नोकऱ्या लागल्या, तेव्हा कुठे शेअर हा शब्द गणपतीच्या सुट्टीत गावच्या ओटीवर ऐकू येऊ लागला.

मे १९९२ मध्ये सरकारने भांडवल नियंत्रणाचा जुना कायदा रद्द केला. तोवर कंपनीने शेअर कोणत्या भावाला विकायचा हे सरकार ठरवत असे. ते बंधन गेलं, आणि हर्षद मेहता प्रकरणाचा धक्का ताजा असूनही नव्या कंपन्यांचं पीक आलं. १९९४ ते १९९६ या काळात वर्षाला हजाराहून अधिक कंपन्या लोकांपुढे आल्या. कुणी कोळंबी पाळणार होतं, कुणी साग लावणार होतं, कुणी कर्ज वाटणार होतं. चाकरमान्याने स्वतःच्या नावाने अर्ज भरला, मग बायकोच्या, मग गावच्या भावाच्या.

त्या काळचे कागद कोकणातल्या कितीतरी ट्रंकांत अजून आहेत. जाड कागद, फोलिओ नंबर, शेअरांच्या अनुक्रमांकांची रांग, कंपनीचा दाबून उमटवलेला शिक्का आणि मागच्या बाजूला हस्तांतरणाच्या नोंदीचे रिकामे रकाने. पावसाळ्यातल्या ओलीने कडा पिवळ्या पडलेल्या, पण रकाने कोरेच, कारण विकायला गेलेल्याला घेणारा मिळाला नाही. सही जुळत नाही म्हणून कागद परत येत, आणि पुढे तर पत्त्यावर कंपनीच सापडेना. लोकांचे पैसे घेऊन गायब झालेल्या अशा दोनशेहून अधिक कंपन्यांची सरकारने नंतर नोंद केली. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअरांचं हस्तांतरणही बंद झालं.

दरम्यान बाजाराची यंत्रणा बदलली. राष्ट्रीय शेअर बाजाराने १९९४ मध्ये उपग्रहाच्या जोडणीवर व्यवहार सुरू केले, त्यामुळे छतावर तबकडी बसवून दलालाचं टर्मिनल लहान शहरांतही चालू शकलं. १९९६ पासून डिमॅट आलं, म्हणजे शेअर कागदाऐवजी संगणकावरच्या खात्यात राहू लागले. जून १९९९ मध्ये दर्शनी किंमत, म्हणजे शेअरवर छापलेली मूळ किंमत, दहा किंवा शंभरच असावी ही अट बाजाराची नियामक संस्था सेबीने काढली आणि ती एक रुपयापर्यंत खाली आणायची मुभा दिली. ही सोय चांगल्या कंपन्यांनी वापरली, तशी लबाडांनीही. शेअरचे दहा तुकडे केले की भाव आपोआप स्वस्त दिसतो. कंपनीचे ५० कोटी शेअर असतील आणि भाव २ रुपये असेल, तर बाजार तिची किंमत १०० कोटी धरतो आहे, आणि २ चे ४ व्हायचे तर ती २०० कोटींची व्हायला हवी. ओटीवर मात्र ऐकू येतं ते असं: 'दोन रुपयांत च्याय गावना नाय, हय कंपनी गावता!'

त्याच सुमारास इंटरनेटवरच्या गप्पा सुरू झाल्या. अमेरिकेत २००० साली न्यू जर्सीतल्या पंधरा वर्षांच्या एका मुलाचं प्रकरण गाजलं. तो क्वचितच विकले जाणारे शेअर घ्यायचा, वेगवेगळ्या नावांनी संदेशांचा मारा करायचा, भाव चढला की विकायचा. तिथल्या नियामकाने नफा आणि व्याज मिळून २ लाख ८५ हजार डॉलर त्याच्याकडून परत घेतले. आपल्याकडेही टोपणनावांनी टार्गेट, म्हणजे शेअर अमुक भावापर्यंत जाईल असा आकडा, देण्याची रीत लवकरच रुळली. 'ऑपरेटर (भाव मुद्दाम चढवणारा) चालवणार', 'माल (म्हणजे शेअर) उचलला', 'होल्ड करा' ही भाषा तिथली. ताळेबंद कुठे आहे असं विचारणाऱ्याला सगळे मिळून गप्प करत. मला हे सर्वांत घातक वाटतं, कारण एकट्याने घेतलेला शेअर माणूस कधीतरी विकतो. मंडळींबरोबर घेतलेला विकायला त्याला लाज वाटते.

चिल्लर शेअर फुगवण्यामागे आणखी एक कारण होतं, आणि ते ओटीवर कुणालाच ठाऊक नव्हतं. ऑक्टोबर २००४ पासून मार्च २०१८ पर्यंत बाजारात विकलेल्या, वर्षाहून जास्त ठेवलेल्या शेअरच्या नफ्यावर कर नव्हता. काळा पैसा पांढरा करायला ही वाट फार सोयीची होती. मरगळलेल्या कंपनीचे शेअर मामुली भावात घ्यायचे, वर्षभर आपसात खरेदी-विक्री करून भाव चढवायचा, मग आपलीच रोकड फिरवून ते चढ्या भावात विकायचे. काम झालं की भाव सोडून द्यायचा. प्राप्तिकर खात्याच्या तपासात हे उघड झालं. वर चढणारी रेघ पाहून मध्येच शिरलेला रत्नागिरीतला शिक्षक या हिशेबात कुठेच नव्हता. ऑगस्ट २०१७ मध्ये सेबीने ३३१ संशयित कंपन्यांवर निर्बंध आणले; त्यांतल्या काही खऱ्या कंपन्यांना अपिलात दिलासाही मिळाला.

मग २०२०. टाळेबंदीत चाकरमानी गावी परतला, हातात वेळ होता, आणि आधार क्रमांकावर डिमॅट खातं घरबसल्या निघत होतं. देशात मार्च २०२० मध्ये सुमारे ४ कोटी डिमॅट खाती होती, चार वर्षांनी ती १५ कोटींच्या पुढे गेली. टीप आता टेलिग्रामवर येऊ लागली. त्यावर बोट ठेवणारा सेबीचा एक आदेश जानेवारी २०२२ चा आहे, आणि मार्च २०२३ चा साधना ब्रॉडकास्टचा आदेश तर प्रत्येकाने वाचावा असा. एक मोठा उद्योगसमूह ही कंपनी घेणार असल्याचे खोटे व्हिडिओ युट्यूबवर चालवले गेले. लहान भागधारक दोन हजारांच्या आसपास होते ते पन्नास हजारांच्या वर गेले, आणि त्याच काळात आतल्या मंडळींनी आपला माल त्यांच्या गळ्यात घातला.

यानंतर काय होतं ते मोबाइलच्या पडद्यावर दिसतं. विक्रीच्या रकान्यात लाखांनी शेअर रांगेत, खरेदीच्या रकान्यात शून्य. रोज पाच टक्क्यांचं लोअर सर्किट, म्हणजे एका दिवसात भाव पडायची ठरलेली मर्यादा, लागलं तर दहा सत्रांत चाळीस टक्के रक्कम जाते, आणि एकाही दिवशी आपला नंबर येत नाही. चढतानाही हेच गणित असतं: रोज पाच टक्के वर, तर पंधरा सत्रांत पैसे दुप्पट. तेव्हा मात्र पडदा पाहून कुणाला भीती वाटत नाही. शेअर कडक देखरेखीच्या यादीत गेला तर व्यवहार आठवड्यातून एकाच दिवसावर येऊ शकतो.

चिल्लर शेअरचेही लाख होतात हे पटवायला टेलिग्रामच्या ग्रुपवर एल्सिडचा दाखला दिला जातो. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी एल्सिड इन्व्हेस्टमेंट्सचा भाव ३ रुपये ५३ पैशांवरून थेट २ लाख ३६ हजार २५० रुपयांवर गेला, ही गोष्ट खरीच आहे. पण या कंपनीच्या पोटात एशियन पेंट्सचे शेअर होते, एका शेअरमागची मालमत्ता लाखांत होती आणि जुन्या भावात विकायला कुणीच तयार नव्हतं. बाजाराने खास लिलाव घेऊन खरा भाव शोधला, एवढंच घडलं. ग्रुपवरच्या टीपेतल्या शेअरला विकणारा नेहमी तयार असतो. तो कोण, हे बऱ्याचदा शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतं. दर तीन महिन्यांनी कंपनीला भागधारकांचा तक्ता द्यावा लागतो. त्यात प्रवर्तकांचा, म्हणजे कंपनी चालवणाऱ्या मालक मंडळींचा, हिस्सा उतरत आणि लहान भागधारकांची संख्या चढत गेलेली दिसली, तर माल कुणी कुणाला विकला ते त्याच दोन ओळींत सापडतं.