थंडीतील ट्रेलर आणि पहाटेचा हवेचा इशारा: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

दिवाळी उलटून पहाटेचा गारवा वाढू लागला की आमच्याकडे सकाळी सहा ते नऊच्या दरम्यान येणारे फोन एकदम वाढतात आणि त्यांतील बहुतेकांत तक्रार एकच असते. ट्रेलर रात्रभर यार्डात उभा होता, कोणी हात लावलेला नाही, तरीही पहाटे ॲपवर टायरची हवा कमी असल्याचा इशारा आला आणि गाडी ढाब्यापलीकडे गेल्यावर तो आपोआप नाहीसा झाला. तेव्हा सेन्सर बिघडला असणार, तो बदलून द्या, निदान इशाऱ्याची मर्यादा तरी खाली आणा, असे आम्हाला सांगितले जाते. या एका गैरसमजापायी आपला आणि आमच्या माणसांचा बराच वेळ जातो, म्हणून त्याचे उत्तर येथे सविस्तर देत आहोत. ट्रेलरवर टायरचा दाब आणि ठावठिकाणा कळवणारी आमची यंत्रणा बसलेली आहे आणि ॲप आपण रोज पाहता, हे गृहीत धरले आहे.

सेन्सर बहुतेक वेळा बरोबर असतो. पहाटेचा आकडा हाच टायरमधील हवेचा खरा आकडा होय. दुपारी दिसणारा वाढीव आकडा टायर तापल्यामुळे येतो.

हवा थंड झाली की तिचा दाब उतरतो. ट्रेलरच्या टायरमध्ये ११० पीएसआयच्या (पीएसआय हे दाब मोजण्याचे एकक) आसपास हवा असेल, तर तापमानातील दर १० अंशांच्या फरकामागे दाब सुमारे ४ पीएसआयने बदलतो. ऑक्टोबरमधील २५ अंशांच्या पहाटे नीट मोजून ११० पीएसआय हवा भरली आणि पुढे कोणी तिला हात लावला नाही, तरी जानेवारीत ८ अंशांच्या पहाटे तोच टायर १०३ पीएसआयच्या आसपास दाखवील. हा झाला नियम पाळणाऱ्याचा हिशेब. प्रत्यक्षात हवा भरली जाते ती बहुधा शंभर-दीडशे किलोमीटर धावून आल्यावर, ढाब्याशेजारच्या टायरवाल्याकडे. त्या वेळी टायरचे तापमान ६० अंश असले आणि गेजवर ११० आकडा पाहून चालकाने हवा भरणे थांबवले, तर ८ अंशांच्या पहाटे त्याच टायरमध्ये फक्त ९० ते ९१ पीएसआय उरतात. आपल्या यंत्रणेत पहिला इशारा ठरलेल्या दाबापेक्षा १० टक्के कमी झाल्यावर, म्हणजे ९९ पीएसआयला येतो, आणि दुसरा २० टक्के कमी झाल्यावर, म्हणजे ८८ पीएसआयला. त्यामुळे असा ट्रेलर रोज पहाटे इशारा देणार, धावून तापला की १०६ दाखवून गप्प होणार आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा इशारा देणार, हे ठरलेलेच आहे.

यावर सेन्सर बदलणे हा उपाय नव्हे. टायर थंड असताना हवा भरावी. गाडी किमान तीन तास उभी असेल आणि टायरवर ऊन आलेले नसेल, तेव्हाच तो थंड समजावा. पहाटे यार्डातून निघण्यापूर्वीची वेळ यासाठी सर्वांत योग्य असते, कारण नंतर उगवतीकडच्या बाजूच्या टायरवर ऊन पडले की त्या बाजूचे आकडे दुसऱ्या बाजूपेक्षा तीन-चार पीएसआयने चढतात आणि तुलना बिघडते. ११० हा आकडा आम्ही केवळ उदाहरणासाठी घेतला आहे. आपल्या टायरचा थंड दाब किती असावा, हे टायर कंपनीच्या भार-तक्त्यावरून (किती भाराला किती दाब, हे सांगणाऱ्या तक्त्यावरून) ठरते. तो तक्ता आणि ट्रेलरचा नेहमीचा भार आम्हाला कळवल्यास यंत्रणेतील आकडा त्यानुसार बसवून देतो.

याच्या उलट बाजूची चूक अधिक धोक्याची आहे. पहाटे बरोबर ११० भरलेला टायर दुपारी ५० अंशांपर्यंत तापला की गेजवर १२८ दिसतात आणि ते पाहून चालक घाबरून हवा काढतो. कृपया तापलेल्या टायरची हवा कधीही काढू देऊ नये. धावताना दाब वाढणार, हे धरूनच टायर कंपनीने थंड दाब ठरवलेला असतो. दुपारी काढलेली हवा दुसऱ्या पहाटे कमीच पडते. टायर जास्त दबतो, त्याच्या बाजू अधिक वाकतात, त्यामुळे तो आतून तापतो, आणि ऐन रस्त्यात ट्रेड (रस्त्याला टेकणारा रबराचा थर) सुटतो किंवा टायर फुटतो. जोडीतील आतला टायर बसला तर बाहेरून तो दिसतही नाही आणि त्याचा सारा भार शेजारच्या टायरवर येतो. वाटेत तापलेल्या टायरमध्ये हवा भरणे भागच पडले, तर त्याच ॲक्सलवरील चांगल्या टायरइतकी भरावी आणि पुढच्या पहाटे ती थंड असताना पुन्हा मोजावी.

नायट्रोजन भरला आहे, त्यामुळे थंडीचा परिणाम होणार नाही, असे काही ग्राहक सांगतात. नायट्रोजन कोरडा असतो, हा त्याचा लाभ खरा. परंतु थंडीत त्याचा दाबही साध्या हवेइतकाच उतरतो.

मर्यादा आम्ही खाली का आणत नाही

फोनवर सांगितल्याबरोबर इशाऱ्याची मर्यादा कमी करून दिली, तर आपण त्या दिवसापुरते समाधानी व्हाल आणि आमचाही एक फोन वाचेल. तरीही आम्ही तसे करत नाही, याबद्दल काही ग्राहक नाराज आहेत, याची आम्हाला जाणीव आहे. कारण एका उदाहरणाने स्पष्ट होईल. तीन ॲक्सलच्या ट्रेलरला बारा टायर असतात. समजा, जानेवारीत पहाटे साडेपाचला ॲप उघडले आणि अकरा टायर १०१ ते १०३ दाखवत आहेत, मात्र मधल्या ॲक्सलचा डावीकडील आतला टायर ९२ वर आहे. अकरांची घट थंडीची आहे. बाराव्याची घट थंडीची नाही. तेथे खिळा लागलेला आहे किंवा व्हॉल्व्हमधून हवा जात आहे. पहिल्या इशाऱ्याची मर्यादा आपल्या सांगण्यावरून ८५ वर आणलेली असती, तर हा टायर गप्प राहिला असता, आणि शिवपुरीच्या पुढे, धुक्यात, रात्री तीन वाजता तो आपल्या चालकाला कळला असता.

सगळे टायर सारखे उतरले असतील तर थंडी, एकच उतरला असेल तर गळती, एवढे पाहिले तरी पहाटेचा इशारा वाचता येतो. ॲपमध्ये ट्रेलरच्या चित्रावर बोट ठेवल्यास प्रत्येक टायरचा दाब आणि त्याखाली तापमान दिसते. दाब एकटा न वाचता दोन्ही आकडे एकत्र वाचावेत. व्हॉल्व्हवर बाहेरून बसवलेल्या सेन्सरला गार वारा लागत असल्याने तो तापमान काहीसे कमी दाखवतो, हेही ध्यानात असावे. थंडीत रबर कडक होते, म्हणून अशा सेन्सरखालचे जुने वॉशर हिवाळ्यापूर्वी बदलावेत. गळतीचे कारण अनेकदा तेवढेच असते.

मर्यादा बदलण्यास आमचा सरसकट विरोध नाही. थंड टायरचा दाब प्रमाणित गेजने मोजून सेन्सरच्या आकड्याशी ताडून पाहिला आणि तरीही बदल योग्य वाटला, तर लेखी विनंतीवरून आम्ही तो करतो व त्याची नोंद आपल्या खात्यात ठेवतो. वर्षानुवर्षे टूलबॉक्समध्ये आदळलेल्या गेजवर मात्र विश्वास ठेवू नये. त्यात पाच-सात पीएसआयचा फरक सहज निघतो.

हिवाळ्यापूर्वीची इतर तयारी

इंदूरच्या परिसरात हिवाळा फार कडक नसतो, त्यामुळे आपल्याकडील मालक तयारीकडे काहीसे दुर्लक्ष करतात. परंतु आपले ट्रेलर एबी रोडने (आग्रा-मुंबई महामार्गाने) गुणा, शिवपुरी, ग्वाल्हेर, मुरैना करत आग्रा-दिल्लीकडे जातात, आणि तिकडचे धुके मध्यरात्रीपासून सकाळी नऊ-दहापर्यंत टिकते. हवामान विभागाच्या व्याख्येनुसार २०० मीटरपेक्षा कमी दिसत असेल तर दाट आणि ५० मीटरपेक्षा कमी दिसत असेल तर अतिदाट धुके. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या चालकाला समोरचे पाहून ब्रेकवर पाय नेण्यास दीड सेकंद लागला, तर तेवढ्यातच गाडी २५ मीटर पुढे गेलेली असते. ताशी ४० ला हेच अंतर १७ मीटरच्या आत राहते. भरलेला ट्रेलर थांबायला लागणारे अंतर याखेरीज धरावे.

यासाठी आपल्याच गाड्यांच्या गेल्या हिवाळ्यातील नोंदी फार उपयोगी पडतात आणि बहुतेक ग्राहक त्या उघडूनही पाहत नाहीत, याचे आम्हाला वाईट वाटते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे तीन ते नऊ या वेळेत गाड्या कोठे रेंगाळल्या आणि कोठे महामार्गाच्या कडेला थांबल्या, हे नकाशावर स्पष्ट दिसते. त्यावरून इंदूरहून निघण्याची वेळ अशी ठरवता येते की ग्वाल्हेर ते आग्रा हा टप्पा, विशेषतः मुरैना आणि धौलपूरच्या मधला चंबळचा पूल, दिवसा ओलांडला जाईल. त्या टप्प्यासाठी रात्रीची वेगमर्यादा ॲपमध्ये वेगळी लावता येते. तसेच ठरलेल्या थांब्यांखेरीज गाडी महामार्गावर कोठेही दहा मिनिटांपेक्षा जास्त उभी राहिली, तर सुपरवायझरला फोन जाईल, अशी सोय आहे. धुक्यात सर्वांत मोठा धोका मागचे दिवे बंद असलेल्या उभ्या ट्रेलरचा असतो. त्यामुळे ही सोय वेगाच्या इशाऱ्याहूनही महत्त्वाची आहे, असे आमचे मत आहे. मागची लाल आणि बाजूची पिवळी परावर्तक पट्टी चिखलाने झाकली गेली आहे की नाही, हे मात्र कोणतेही यंत्र सांगू शकत नाही. ते काम ओल्या फडक्याचे आहे.

ट्रेलरच्या एबीएसला (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेला) घोड्याकडून, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीकडून, स्वतंत्र केबलने वीज मिळते आणि कपलिंग करताना ती केबल अनेकदा जोडायची राहून जाते. ब्रेक लागतात, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, पण दवाने ओल्या झालेल्या रस्त्यावर जोराचा ब्रेक लागला की चाके जाम होऊन ट्रेलर आडवा जाऊ शकतो. आमच्या यंत्रणेत ‘एबीएस वीज नाही’ असा संदेश येतो. तो आल्यास गाडी यार्डाबाहेर सोडू नये. घोडा बदलल्यावर ॲपमधील जोडीही त्याच वेळी बदलावी, नाहीतर एका ट्रेलरचे इशारे दुसऱ्याच चालकाला जातात.

हवेच्या टाकीतील पाणी रोज काढावे. जम्मूच्या पुढे काश्मीरकडे भाडे असेल तर यात हयगय नको, कारण २१ डिसेंबरपासून ३० जानेवारीपर्यंत तिकडे चिल्लई कलानचे, म्हणजे कडाक्याच्या थंडीचे, चाळीस दिवस असतात आणि टाकीतील ओलावा व्हॉल्व्हमध्ये गोठून ब्रेक अडकू शकतात.

यार्डात सोडून ठेवलेल्या ट्रेलरचे यंत्र ‘मेले’ असल्याची तक्रारही थंडीत वाढते. घोड्यापासून सुटलेला ट्रेलर आतल्या बॅटरीवर चालतो आणि ती पुरावी म्हणून यंत्र झोपेत जाऊन सहा तासांतून एकदाच ठावठिकाणा कळवते. थंडीत बॅटरीची क्षमता घटते, आणि सौर पॅनल असेल तर धुक्याच्या दिवसांत ते फारसे भरत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ उभा असलेला ट्रेलर एकदा घोड्याला जोडून काही तास वीज मिळू द्यावी. त्यानंतरही संदेश आला नाही तरच फोन करावा.

आमची हिवाळी तपासणी

नोव्हेंबर ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत आमचा माणूस प्रमाणित गेज घेऊन पहाटे आपल्या यार्डात येतो, मग ते देवास नाक्यावर असो, मांगलियाला असो वा पिथमपूरला. प्रत्येक टायर थंड असताना मोजून, सेन्सर ताडून, वॉशर बदलून, एबीएसची केबल आणि मागचे दिवे पाहून तो ट्रेलरवार लेखी अहवाल देतो. वार्षिक देखभाल करार असलेल्यांना याचे वेगळे शुल्क नाही. इतरांकडून प्रति ट्रेलर शुल्क घेतले जाते आणि त्याच हिवाळ्यात करार केल्यास ते करारात वळते केले जाते. यंत्रणा आमच्याकडून घेतलेली नसली तरी ही तपासणी करून देतो. चालकांना हातात देण्यासाठी हवेविषयीचा मजकूर हिंदीतही छापलेला आहे. हव्या तेवढ्या प्रती मागून घ्याव्यात.

तपासणी ठरवताना ट्रेलरचे क्रमांक, टायरचे माप आणि नेहमीचा भार आधी कळवावा, तसेच त्या पहाटे ट्रेलर आदल्या रात्रीपासून उभा असेल, असे पाहावे. यार्डाचे फाटक उघडण्यासाठी आणि कॉम्प्रेसर चालू करून देण्यासाठी साडेपाचला एक माणूस हजर ठेवावा, एवढी व्यवस्था आपल्याकडून व्हावी.